शाळा चार दिवस बुडू दे, स्की शिकायला फेब्रुवारीतच जा

माहुलीकर (सातारा):
नाताळच्या सुट्टीत मनालीजवळच्या सोलांगला गेलो होतो. साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे रात्रभर बस. पोचलो तर उतारावर वाळकं गवत. अटल बोगदा ओलांडून सिस्सूला बर्फ दिसला, तिथे एकाने पोरांच्या पायाला स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब फळ्या बांधल्या, दहा मिनिटं उभं केलं, फोटो काढले, पैसे घेतले. परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, पण शिकायचं कधी?"

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. डिसेंबरात जाऊच नये. काश्मीरचा चिल्लई कलान, म्हणजे कडक थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला तर सुरू होतो. थरावर थर बसायला फेब्रुवारी उजाडतो. आणि जायचं तर गुलमर्गला. गावच २,६५० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. शाळा बुडेल, बुडू दे.

द्राक्षबाग (तासगाव):
माहुलीकर, तुम्हाला फेब्रुवारी जमतो. आमच्याकडे तेव्हा माल तोडणीला असतो, व्यापारी दारात, रोज द्राक्षांतली साखर मोजायची. त्या दिवसांत बाग सोडून कोण जाणार? डिसेंबरअखेर भाऊ चार-सहा दिवस बाग बघतो, तेवढीच आमची सुट्टी. शेतकऱ्याच्या पोरांनी बर्फ बघूच नये का?

आणि फेब्रुवारीची तरी हमी कुठे आहे? २०२५ साली गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या होत्या. बर्फ नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घेतल्या. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारं पावसाबर्फाचं वादळी हवामान, आला तर बर्फ, नाही तर नाही. मी म्हणतो, तिकिटं आधीपासून काढून ठेवू नका. बर्फ पडल्याची खात्री करून मगच घर सोडा, महिना कुठलाही असो.

बाई (सांगली):
पाचवी-सहावीच्या मुलांचे चार दिवस बुडाले तर मी शिक्षिका असूनही हरकत घेणार नाही. नववी-दहावीला मात्र नाही. दहावीची परीक्षाच फेब्रुवारीत सुरू होते. "बुडू दे" असं सरसकट लिहू नका, पालक वाचतात.

माजी सैनिक (अपशिंगे मिलिटरी):
गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये कोर्स केला आहे, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे महिन्यावर भांडताय. नवशिक्याला घोटा बुडेल एवढा, लाटून बसवलेला बर्फ पुरतो. फेब्रुवारीतला कमरेइतका ताजा भुसभुशीत बर्फ त्याच्या कामाचा नाही, त्यात तो नुसता रुतेल.

गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, दुसरा टप्पा कोंगदूरी या मधल्या थांब्याहून अफरवट डोंगरावर, जवळपास ३,९५० मीटरवर नेतो. तिथे श्वास लागतो, डोकं दुखतं. खाली यायला लाटलेली वाट नाही. ताजा बर्फ जुन्या थरावरून सुटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथेच हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले, कसलेले असूनही. मुलांना स्की घालून तिकडे अजिबात नेऊ नका. खाली गावाजवळच्या माळावर शिकवा.

ठिकाण निवडताना शिकवणारा कोण, हे आधी विचारा. मनाली आणि गुलमर्गला सरकारी संस्थांचे रीतसर कोर्स असतात. पहिले दोन दिवस पडणं, उठणं, आणि स्कीची टोकं पुढे जवळ आणून मागे फाकवत थांबणं, एवढंच. जो पहिल्याच तासाला वरून सोडतो, त्याला पैसे देऊ नका.

माहुलीकर:
दादा, अफरवटचं पटलं, ते डोक्यातून काढलं. बाई, तुमचंही बरोबर, माझी मुलगी सहावीत आहे. पण तासगावकर, ऐनवेळी निघायचं म्हटलं तर चार माणसांची गाडीची तिकिटं मिळतात कुठे? मला दोन महिने आधी तारीख ठरवावीच लागते, आणि ठरवायचीच तर ज्या महिन्यात बर्फाची शक्यता जास्त तीच ठरवणार.

उत्तराखंडातल्या औलीचं काय? तिथला उतार नवशिक्यांना बरा म्हणतात.

माजी सैनिक:
उतार चांगला, समोर नंदादेवी. पण हरिद्वारहून जोशीमठ पावणेतीनशे किलोमीटर घाटरस्ता आहे, मुलांना उलट्या होतात. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचली तेव्हा तिथला रोपवेही बंद केला होता. रोपवे चालू आहे का, हे विचारूनच निघा.

द्राक्षबाग:
मी अजून डिसेंबरवरच आहे. या वर्षी बर्फ पडल्याचं कळलं की निघणार. दादा, पोराला बूट भाड्याने घेताना काय बघू?

माजी सैनिक:
टाच उचलली जाता कामा नये. बोटं पुढे टेकून हलली पाहिजेत. मोजे एकच जोड, लोकरीचे. दोन घातले की बूट आवळतो, रक्त अडतं आणि पाय जास्त गारठतो.