मदत हवी आहे: समुद्रघोड्यांचं खाणं आणि न फुटणारी आर्टेमियाची अंडी

खारट_नाशिककर
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आरओच्या पाण्यात पाकिटातलं सागरी मीठ कालवतो. दोन क्लाउनफिश आहेत, मजेत आहेत. आता लेकीने समुद्रघोड्यांचा ध्यास घेतलाय. ओळखीतले एकजण म्हणतात, "मुंबईहून जोडी आणून देतो, दाणे टाका, खातात." दाण्यांचं काही पटेना, म्हणून आधी खाण्याची सोय बघतोय.

आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे चिमुकले जीव) अंडी आणली. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूड कापून ती उलटी टांगली. लिटरभर पाणी, दोन चमचे खडेमीठ, तळापर्यंत हवेची नळी. दुसऱ्या दिवशी बघतो तर अंडी जशीच्या तशी, बाटलीच्या कडेला तपकिरी रिंगण. बाटली ओट्याखाली अंधारात आहे आणि सध्या आम्ही स्वेटर घालून झोपतोय, हेही सांगून ठेवतो. अंडी जुनी की थंडीचा प्रताप? आणि समुद्रघोडे नेमकं काय नि किती वेळा खातात?

भरती_ओहोटी
दादा, आधी जोडीचं. समुद्रघोड्यांना आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणून देणारा मोकळा सुटेल, टाकी तुमच्या दिवाणखान्यात सापडेल. त्या भानगडीत पडू नका.

खाण्याचं म्हणाल तर त्यांना ना दात, ना जठर. नळीसारख्या तोंडाने भक्ष्य अख्खं ओढून घेतात आणि ते आतड्यातून झपाट्याने पुढे सरकतं. म्हणून मोठ्यांनाही दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं. परदेशात टाकीतच जन्मलेले समुद्रघोडे पाळतात, त्यांना गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखेच छोटे जीव) घालतात. समुद्रातून पकडलेले बरेचदा मेलेल्या अन्नाकडे ढुंकूनही बघत नाहीत. हलेल तेच खातात. त्यात तुमचे क्लाउनफिश! समुद्रघोडा शेपटीने काडी धरून बसणार, एकेक डोळा वेगवेगळा फिरवत घास न्याहाळणार, तोवर यांनी सगळं फस्त केलेलं.

पिल्लांचं तर विचारूच नका. नराच्या पिशवीतून एका वेळी शेकड्यांनी बाहेर पडतात आणि लगेच खायला मागतात, तेही जिवंत, दिवसातून कितीतरी वेळा. पृष्ठभागावरची हवा गिळली की वरच तरंगत राहतात आणि उपाशी मरतात.

फायटरवाला_पंचवटी
अंड्यांना एवढ्यात नावं ठेवू नका. आर्टेमियाला २६ ते २८ अंश लागतात आणि आपल्याकडे डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास येतो. (निफाडकर हसतील, त्यांचा त्याहून खाली जातो.) बादलीत पाणी घ्या, त्यात टाकीचा हीटर सोडा आणि बाटली त्या पाण्यात उभी करा. मीठ चमच्याने नको, काट्यावर मोजा: लिटरला २५ ते ३० ग्रॅम. आरओचं पाणी असेल तर चिमूटभर खायचा सोडा टाका. वर दिवा लावून ठेवा, पहिले काही तास उजेड लागतोच. कडेला चिकटलेली अंडी मधूनमधून पाण्यात ढकला, ती तिथे सुकतात.

चोवीस तासांनी, फार तर छत्तीस, हवा बंद करायची. टरफलं वर येतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात. बाजूने टॉर्च धरला की नारिंगी पिल्लं उजेडाकडे जमतात, तिथूनच नळीने ओढून घ्या. काढल्या काढल्या घाला. अंगातला बलक संपला की त्यांच्यात कस राहत नाही.

खारट_नाशिककर
बादली लागू पडली! आज सकाळी टॉर्चसमोर नारिंगी ढगच जमला होता. जोडीवाल्यांना नाही म्हणून कळवलं. लेक फुगून बसली होती, आता फायटर माशाच्या पिल्लांवर तडजोड झालीय. त्यांना पहिल्या दिवसापासून हेच चालेल का?

फायटरवाला_पंचवटी
आडवी, सरळ पोहायला लागेपर्यंत काहीच घालू नका, बलकावर जगतात. मग द्या, पण बारीक गाळणीत गोड्या पाण्याने धुऊन आणि थोडी थोडीच. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच तग धरते, उरलेली कुजून टाकी नासवते.