आदेश फाटकाच्या आत, वडापाव फाटकाबाहेर

मंगळवारपेठी
पोराला आणायला शाळेत गेलो होतो. कँटीनच्या दारावर एक मळका कागद: वेफर्स, नूडल्स, शीतपेयं मिळणार नाहीत. मे 2017 मध्ये राज्य सरकारनं आदेश काढला, त्यातली यादी ही. काय विकायचं तेही आदेशात होतं: इडली, उपमा, खिचडी, नारळपाणी. घंटा झाली आणि सगळी पोरं फाटकाबाहेर वडापावच्या गाडीवर. त्यात आमचं रत्नही. कँटीनवाला उपम्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून मोबाइल बघत बसलेला.

सरकारचं वजन उतरवणं असं असतं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांना स्थूलताविरोधी मोहिमेचा चेहरा केलं; दोनदाच जेवा, 55 मिनिटांत आटपा, हे महाराष्ट्राला पाठ झालं. 2025 मध्ये केंद्रानं कार्यालयांत कशात किती तेल-साखर ते सांगणारे फलक लावायला सांगितलं. फलक वाचून कुणाची ढेरी उतरली असेल तर कळवा. त्यापेक्षा तो पैसा तालमींना आणि मैदानांना द्या.

निवृत्त मास्तर
साफ असहमत. पूर्वी पोरं मधल्या सुट्टीत कँटीनला आणि सुटल्यावर गाडीवर, असं दोनदा तळलेलं खायची. आता एकदा. निम्मं झालं, त्याला तुम्ही शून्य म्हणता.

आणि राज्याच्या हातात उरलंय काय? केरळनं 2016 मध्ये पिझ्झा-बर्गरवर 14.5 टक्के कर लावला होता. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि तो कर गेला. 2025 च्या सप्टेंबरात शीतपेयांवर 40 टक्के लागले तेही जीएसटी परिषदेत ठरून. एकट्या राज्याला शाळा, कँटीन, मैदान एवढ्यावरच भागवायचंय.

तांबडा_पांढरा
आता मिसळीवर येणार बघा ही मंडळी! भावा, आमचा आज्जा कोल्हापुरात गंगावेशीत उभ्यानं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचा, वर मटण. नव्वदीपर्यंत काठी नाही धरली. खाणं वाईट नाही, सरकारनं ताटात बघू नये.

मंगळवारपेठी
आज्जा दूध पिऊन कुठं जायचा ते सांग की! तालमीत. पहाटे जोर-बैठका, मग मातीत. तू दूध पिऊन गाडीला किक मारतोस आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जातोस. खासबागेत कुस्ती बघायला आपण सगळे, आखाड्यात उतरायला कोण? म्हणून म्हणतोय, पैसा तालमीत घाला.

तांबडा_पांढरा
किक नाही, बटनस्टार्ट हाय 😄

डबा_मोजणारी
दादा लोक, तालमीत बायका किती जातात? रंकाळ्यावर पहाटे फिरायला जायचं तर डबे कोण भरणार? देशाच्या आरोग्य पाहणीत 2015-16 ला जादा वजनाच्या बायका 20.6 टक्के होत्या, 2019-21 ला 24. तुमच्या मैदानाचा आम्हाला उपयोग नाही.

मी तो तेलाचा फलक बघून घरी हिशोब केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये माणशी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप सांगितलंय. आम्ही चौघं, म्हणजे महिन्याला सव्वातीन किलो, साधारण साडेतीन लिटर. आमच्याकडं पाच लिटरचा कॅन पंचविसाव्या दिवशी आडवा करावा लागायचा. कढईत बाटली तिरकी धरायची सवय! आता पळीनं घालते. गेला महिना चार लिटरवर भागलं. फलकाला हसू नका.

मंगळवारपेठी
ताई, बायकांचा मुद्दा सुचलाच नव्हता, मान्य. पण तुम्ही हिशोब केलात म्हणून झालं. बाकीचे फलकाखाली उभं राहून भजी खातात, डोळ्यानं बघितलंय.

निवृत्त मास्तर
मग त्यांनाही पळी द्या! आणि गाडी फाटकापासून लांब न्यायला महापालिकेकडं अर्ज करा, पहिली सही माझी.

मंगळवारपेठी
त्या गाडीवाल्याचा पोरगा आमच्या पोराच्या वर्गात आहे हो मास्तर. सहीचं बघू.

तांबडा_पांढरा
ताई, ते सगळं राहू दे. चार लिटरात मिसळ बसती काय?

डबा_मोजणारी
बसते. रविवारी केली होती. वरचा तेलाचा कट काढून वेगळ्या वाटीत ठेवला, ज्याला पाहिजे त्यानं चमचाभर घ्यावा म्हणून. सासरे वाटीच घेऊन बसले.