सौम्य वेगळं, विरल वेगळं
‘सौम्य आम्ल म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं आम्ल’ असं कुणी म्हटलं, की तिथेच गल्लत होते. पाण्याने आम्ल विरल (पातळ) होतं, सौम्य नाही. सौम्य म्हणजे ज्याचे थोडेच रेणू पाण्यात फुटून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात ते. ०.१ मोलार (लिटरमागे ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळपास सगळे रेणू असे फुटतात, पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकी आम्लता जास्त) १. तितक्याच ॲसेटिक आम्लात शंभरात जेमतेम एखादा रेणू फुटतो, पीएच २.९.

आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवी, हे तर डोक्यातून काढाच. हायड्रोफ्लुओरिक आम्ल सौम्य गटातलं, पण काच खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात. शुद्ध ॲसेटिक आम्लानेही (१६.६ अंशांखाली त्याचा बर्फासारखा गोळा होतो) हात भाजतो. व्हिनेगरमध्ये तेच ४-५ टक्के असतं, म्हणून कांद्यावर चालतं.