मदत हवी आहे : वांदराची मूठ मडक्यात खरंच अडकते का?

मंडळी, प्रश्न पोरकट वाटेल, पण आठवडा झाला, डोक्यातून जात नाही.

आमचं वावर सेलू तालुक्यात (जि. वर्धा), बोर व्याघ्र प्रकल्पाच्या काठावर. लहानपणी आबाजी जागलीला सोबत नेत आणि एक गोष्ट हमखास सांगत. अरुंद तोंडाचं मडकं जमिनीत पुरायचं, आत फुटाणे टाकायचे. वांदर हात घालते, मूठ भरते, भरली मूठ बाहेर येत नाही आणि लोभापायी ते सोडतही नाही. मग पकडणारा पोतं टाकतो. हेच परवा पोरीला सांगितलं, तर म्हणे, "बाबा, तुम्ही पाह्यलं का?"

नाही ना बाप्पा!

त्यात ओसरीवर गडव्यात हरभऱ्याचे सोले राहिले होते. काळ्या तोंडाचं एक वानर आलं. मी खिडकीआड. त्यानं पंजा आत घातला, बाहेर काढला. चार दाणे बोटांतून गळले, बाकीचे तोंडात. दुसऱ्या खेपेला हात घालायच्या भानगडीतच पडलं नाही. गडवा आडवा केला, सगळे सोले सांडले अन् निवांत वेचत बसलं. आमच्या शाळेतले सर म्हणतात, या वानराचा अंगठा आखूड असतो, गोष्ट लाल तोंडाच्या माकडाची असेल. असेलही. शिवाय गडवा काही पुरलेला नव्हता.

राघू पकडायच्या गोष्टीचंही तसंच. नळीवर बसला की ती फिरते, तो उलटा होतो आणि पाय मोकळे असूनही नळी सोडत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हा दृष्टांत आहे, कीर्तनात कितीदा तरी ऐकलाय. पण आमच्या ज्वारीच्या कणसांना राघू रोज उलटे लटकतात, अन् हाळी दिली की भुर्र!

मोहफुलं खाऊन अस्वल झिंगते, मग दोर टाकायचा, हे तर मला मुळीच पटत नाही. ताज्या फुलात साखर असते, दारू नाही; ती सडवून गाळावी लागते. पहाटे फुलं वेचणाऱ्यांवर धावून येणारं अस्वल चांगलं शुद्धीवर असते.

मला वाटते, या गोष्टी शिकाऱ्यांच्या कमी अन् कीर्तनकारांच्या जास्त. गावातल्या एका म्हाताऱ्या पारधी आजोबांना विचारलं तर हसले. "लोभाचं काय घेऊन बसला? फासा वाटेवर लावत. रोजच्या वाटेनं जनावर खाली पाहत नाही."

तर कोणी स्वतःच्या डोळ्यांनी मूठ अडकलेली पाहिली आहे का? किंवा घरातल्या जाणत्याने? मडकं केवढं, तोंड केवढं, माकड कोणतं, तेवढं सांगा. 'मित्राच्या मामानं पाहिलं' नको.

आणि हो, मला काही पकडायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सापळा लावणं हीसुद्धा शिकारच धरतात, ठाऊक आहे. वानरं हाकलायचे उपायही नकोत, त्याचा धागा वेगळा काढीन. पोरीला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं कबूल केलंय.