सीटी नॉर्मल आला, तरी ती रक्ताची टेस्ट करावी का?

खडकवासलाकर: नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ गेल्या रविवारी बाइकवरून पडला, हेल्मेट होतं पण पट्टा लावला नव्हता (यावर घरात पुरेसं बोलून झालंय). दोन मिनिटं बेशुद्ध, एक उलटी. सीटी नॉर्मल आला, दुसऱ्या दिवशी सोडलं. पण अजून डोकं दुखतंय, मोबाइल बघितला की गरगरतं, एकच गोष्ट तीनतीनदा विचारतो. आता अमेरिकेतली आत्तेबहीण म्हणते तिकडे रक्तातले प्रोटीन बघून १५ मिनिटांत मेंदूचा मार कळतो. इथे करून घ्यावी का? आणि पुढे पूर्ण बरा होईल का हे त्यातून कळतं का, आई रोज तेच विचारतेय.

पॅथॉलॉजीवाली: टेस्ट खरी आहे. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ अशी दोन प्रोटीन, पहिलं मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींचं, दुसरं न्यूरॉनचं, पेशींना इजा झाली की रक्तात उतरतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-टेस्टना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये पहिल्यांदा परवानगी दिली, त्यामागच्या अभ्यासात १९५९ पेशंट होते आणि टेस्ट निगेटिव्ह आलेल्या हजारातल्या साधारण चौघांच्याच सीटीत काही सापडलं. साध्या रक्तावर चालणारी १५ मिनिटांवाली २०२४ ची. पण ती आहे कशासाठी, तर सीटी काढायचा की नाही हे ठरवायला! तुमचा काढून झालाय, शिवाय रक्त २४ तासांच्या आत घ्यायचं असतं. आता करणं म्हणजे वरात निघाल्यावर पत्रिका जुळवणं. आणि हो, निगेटिव्ह म्हणजे कन्कशन (मेंदूला बसलेला हादरा) नाही असंही नसतं.

गोथेनबर्गची_सिस्टर: आमच्याकडे स्वीडनला वेगळंच प्रोटीन, एस१००बी, डोक्याच्या मारावरच्या २०१३ च्या स्कँडिनेव्हियन गाइडलाइनमध्येच आहे. किरकोळ मार असेल, सहा तासांच्या आत रक्त घेतलं आणि ०.१० मायक्रोग्रॅम पर लिटरच्या खाली आलं तर सीटी न काढता घरी. गोची अशी की ते चरबीतही असतं, हाड मोडलं तरी वाढतं, म्हणजे बाइकवरून पडून बरगडी मोडलेला माणूस आला की आकडा वर आणि शेवटी सीटी काढाच 😅

खडकवासलाकर: ओके, टेस्टचा नाद सोडला. पण बरा होण्याचं काय?

पॅथॉलॉजीवाली: तिथेच खरी मेख आहे. मेंदूच्या मारावरच्या अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय अभ्यासाचा २०२२ चा पेपर बघा, पहिल्या दिवशीच्या जीएफएपीवरून सहा महिन्यांत पेशंट दगावेल का याचा अंदाज चांगला येतो, ०.८७ (१ म्हणजे अगदी अचूक). पण पूर्ण बरा होईल की काहीतरी मागे राहील, याला फक्त ०.६२, आणि नाणं उडवलं तरी ०.५ असतंच. शिवाय जो काही उपयोग आहे तो गंभीर पेशंटमध्ये, भावासारख्या शुद्धीवर असलेल्यात फारसा नाही. न्यूरोफिलामेंट लाइट म्हणून अजून एक प्रोटीन आहे, ते दिवसांनी-आठवड्यांनी चढतं, त्यावर बरंच काम चालू आहे, पण एकट्या माणसाचं भविष्य त्यावरून सांगू नये. त्यापेक्षा न्यूरोवाल्यांना दाखवा, आठवड्यानंतरही परत परत तेच विचारतोय हे मुद्दाम सांगा, सीटीत न दिसलेलं कधीकधी एमआरआयमध्ये दिसतं. आणि डोकेदुखी वाढत गेली, उलट्या, फिट, खूप गुंगी, एका बाजूचा हातपाय ढिला, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.

मिरजमळा: मोबाइल काढून घ्या हो त्याचा आधी.

खडकवासलाकर: घेतला, आता माझा मागतोय. उद्या अकराची अपॉइंटमेंट मिळालीये. आईला ते ०.६२ कसं समजवायचं तेवढं बघतो.