मदत हवी आहे : तेझुकांचं 'बुद्ध' संपलं, पुढे काय घेऊ?

जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुकांच्या 'बुद्ध'चे आठही खंड इंग्रजीतून वाचून झाले. मांगाशी, म्हणजे जपानी कॉमिक्सशी, माझा आजवर संबंध शून्य. विषय ओळखीचा म्हणून हात घातला आणि पहिल्याच खंडात चक्रावलो, कारण सिद्धार्थ जन्मतो तो खंड संपता संपता! तोवर गोष्ट चाप्रा नावाच्या शूद्र पोराची आणि जनावरांच्या मनात शिरणाऱ्या तत्ताची. दोघंही तेझुकांच्या पदरचे. पण जात लपवून कोसलच्या सेनापतीच्या घरी वाढणारा चाप्रा मला तरी अजिबात परका वाटला नाही.

अडचण वेगळीच आहे. एखाद्या हृदयद्रावक प्रसंगात मध्येच कुणीतरी माकडचेष्टा करतं, नाहीतर आजच्या जगातलं काहीतरी बोलून जातं. हा भाषांतरकाराचा चावटपणा की मुळातच असं आहे?

दुसरं, पुतण्या एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तेझुकाही ओसाकाला डॉक्टरकी शिकलेले, म्हणून त्याला 'ब्लॅक जॅक' द्यावं म्हणतोय. आणि मी स्वतः काय घेऊ? त्यांच्या 'फिनिक्स' मालिकेचं नाव सगळे घेतात, पण ते कुठून सुरू करायचं तेच कळेना. जाणकारांनी सांगावं. (स्कॅनच्या लिंका नकोत, पुस्तकच हवंय.)

प्रतिसाद :

चावटपणा तेझुकांचाच. ठिगळं लावलेला, डुकराच्या नाकाचा एक प्राणी त्यांच्या कितीतरी पुस्तकांत मध्येच टपकतो, त्याचं नाव ह्योतानत्सुगी. चेहरेसुद्धा नाटक कंपनीतल्या नटांसारखे, या गोष्टीतला खलनायक त्या गोष्टीत म्हातारा शिक्षक. तेझुकांचं लहानपण ताकाराझुकात गेलं, बायकांच्या नाटक मंडळीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात, तेव्हा नवल नाही.

पुतण्याला 'ब्लॅक जॅक' बिनधास्त द्या. तेझुकांनी काढलेली मुशी प्रॉडक्शन ही ॲनिमेशन कंपनी 1973 साली बुडाली. 1963 पासून टीव्हीवर 'ॲस्ट्रो बॉय' ही कार्टून मालिका दाखवणारी हीच ती कंपनी. मांगातही 'यांचे दिवस संपले' असं लोक म्हणू लागले होते. त्याच वर्षाअखेर हा परवाना नसलेला, अव्वाच्या सव्वा फी मागणारा सर्जन आला आणि दहा वर्षं चालला. गोष्टी सुट्या, त्यामुळे जर्नलं लिहून कंटाळल्यावर एखादी वाचता येते. इंग्रजी खंड सतरा आहेत, एकदम घेऊ नका. आणि पुस्तक उजवीकडून उघडतं हे आधीच सांगा!

'फिनिक्स'ची सुरुवात 'डॉन' या पहिल्या भागापासूनच करा. तो भाग प्राचीन जपानात, पुढचा थेट 3404 सालात, मग पुन्हा भूतकाळ. असे दोन्ही टोकांकडून ते वर्तमानाकडे सरकत होते. 1989 साली साठाव्या वर्षी गेले, काम अपुरंच राहिलं. म्हणून तुम्हाला आधी 'अ‍ॅडॉल्फ' सुचवेन. दोन महायुद्धांतल्या दुसऱ्याचा काळ, कोबेतला एक ज्यू मुलगा, त्याचा अर्धा जर्मन मित्र आणि खुद्द हिटलर, तिघांचंही नाव एकच. माकडचेष्टा तिथे खूपच कमी.

धागाकर्ता :

आभार! 'अ‍ॅडॉल्फ' शोधतो. 'ब्लॅक जॅक'चा पहिला खंड मागवलाय, पुतण्याला द्यायच्या आधी मीच वाचून घेईन म्हणतो.