आठ वर्षांनी परत चर्चला जायला लागलोय पण आत सगळं कोरडं आहे, सुरुवात कुठून करू?

परतलेला_एक

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी जन्मापासून कॅथलिक. बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन (मिस्सात पवित्र भाकर घेणं), कन्फर्मेशन सगळं वेळच्या वेळी झालेलं, लहानपणी आल्टर बॉय पण होतो. वडील गेले त्याला आता आठ वर्षं होतील. ते आजारी होते तेव्हा रोज रोझरी (जपमाळेची प्रार्थना) केली, एका मागून एक नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या, आणि ते गेलेच. नंतर देवाशी भांडलो वगैरे नाही, नुसतं जाणं बंद झालं. एक रविवार चुकला, मग दुसरा, मग रविवार म्हणजे उशिरा उठायचा दिवस होऊन बसला.

आता मुलगी पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला जाते. तिला सोडायला म्हणून जाता जाता दोन महिने झाले मी पण मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, थांबतो, मागच्या बाकावर. एका रात्री झोपताना तिने विचारलं, पप्पा तुम्ही कम्युनियनला का उठत नाही? काय सांगणार? पांघरूण नीट केलं आणि लाइट बंद केली.

तेव्हापासून रात्री जपमाळ हातात घेतो. नमो मरिया तोंडातून येतं, पाठच आहे, पण आत काही म्हणजे काही हलत नाही, तिसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे माळेच्या पाचपैकी तिसऱ्या भागापर्यंत, डोक्यात ऑफिस सुरू झालेलं असतं, आणि मग वाटतं की भाव नसताना हे पुटपुटणं म्हणजे ढोंगच आहे की. फादर प्रवचनात म्हणाले श्रद्धा ताजी करायची तर प्रार्थना, सेवा आणि दान. मला पैसे देणं सगळ्यात सोपं वाटलं म्हणून एका रविवारी दानपेटीत बऱ्यापैकी मोठी रक्कम टाकली. बाहेर पडताना दंड भरून सुटल्यासारखं वाटलं, आनंद नाहीच.

आणि कन्फेशनची, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायची, भीती वाटते. कॉलेजात असताना एका फादरांनी जाळीपलीकडून इतक्या मोठ्याने झापलं होतं की रांगेतल्या लोकांनी ऐकलं. तो आवाज अजून कानात आहे. तर या सगळ्यात आधी काय धरू?

सांजदिवा

दादा, ढोंग हा शब्द आधी काढून टाका बघू. ढोंग म्हणजे लोकांना दाखवायला करणं. तुम्ही रात्री एकटे बसून करताय, कुणाला दाखवताय?

मी आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या भागातल्या, आजारी लोकांना घरी कम्युनियन न्यायची सेवा करते, बरीच वर्षं झाली. एक आजी होत्या, झटक्यानंतर बोलणं गेलेलं, मुलांची नावं आठवत नव्हती. मी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं की त्यांचे ओठ हलायचे, आवाज नाही, नुसते ओठ, आणि "आमची रोजची भाकर"ला हात चादरीवरून थोडा वर यायचा. दर वेळी त्याच जागी. त्यांच्या मनात तेव्हा भाव होता की नव्हता हे मी कोण ठरवणार? सत्तर वर्षं पाठ म्हटलेली प्रार्थना बाकी सगळं गेल्यावर उरली होती एवढं मी डोळ्यांनी बघितलं. म्हणून पाठांतराला कमी लेखू नका.

कोरडेपणा तर संतांनाही चुकला नाही. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत अंधारच वाटत होता, आणि तरी रोज पहाटे चॅपलमध्ये बसत होत्या. लिझ्यूच्या संत छोट्या तेरेजाला प्रार्थनेत झोप लागायची, तिने लिहिलंय की आईबापाला लेकरू झोपलेलं असो की जागं, सारखंच प्रिय असतं.

एक जुनी गोष्ट मला फार उपयोगी पडली. संत इग्नेशियस सांगतात की मन कोरडं असताना प्रार्थनेची वेळ कमी करू नका, उलट ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच थांबा. मी दहा मिनिटं ठरवली असतील आणि उठावंसं वाटलं की अकरावं मिनिट बसते. बाकी काही करत नाही त्या मिनिटात. आणि पूर्ण रोझरी झेपत नसेल तर एकच दशक (दहा नमो मरिया) करा पण रोज, त्याच खुर्चीत, त्याच वेळी. मन ऑफिसात गेलं तर ओढून आणायची मारामारी नको, जे ऑफिसचं डोक्यात आलंय तेच देवाला सांगा, त्या माणसासाठी एक नमो मरिया म्हणा आणि पुढे चला.

जुना_बाक

कन्फेशनबद्दल मी लिहितो कारण मी स्वतः अकरा वर्षांनी गेलोय.

पहिली गोष्ट, ज्यांनी झापलं ते चुकलेच, याबद्दल मनात शंका ठेवू नका. दुसरी, तुम्हाला त्यांच्याकडे किंवा तुमच्या पॅरिशमध्येच जायची सक्ती कुठेही नाही. चर्चच्या कायद्यातल्या (कॅनन लॉ) कलम 991 प्रमाणे कुणाकडे कन्फेशन करायचं हे निवडायची मोकळीक प्रत्येकाला आहे. जाळीमागून करायचं तर तेही चालतं. आणि आत बोललेलं फादर कुणालाही, कधीही, कशासाठीही सांगू शकत नाहीत, ती गुप्तता मोडता येतच नाही.

शनिवारच्या रांगेत उभं राहू नका, आधी फोन करून वेळ मागून घ्या. बसल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणा की फादर, आठ वर्षांनी आलोय, कसं करायचं विसरलोय, मदत करा. मी एवढंच म्हटलं आणि फादरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग तेच एकेक विचारत गेले. किती रविवार चुकले याचा हिशेब मांडत बसायचं नाही, साधारण आठ वर्षं, जवळजवळ दर रविवार, एवढं पुरतं. पश्चात्तापाची प्रार्थना आठवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या, मी नेली होती, घामाने ओली झाली होती.

आणि मुलीच्या प्रश्नाचं सांगतो. तुम्ही कम्युनियनला उठत नाही हे मला तरी बरोबर वाटतं. कारण नसताना रविवारची मिस्सा सोडणं चर्च गंभीर मानतं आणि आधी कन्फेशन, मग कम्युनियन असाच क्रम आहे. तुम्ही तो न सांगता पाळताय, म्हणजे आत कुठेतरी अजून मानता. ज्याचं सगळं संपलंय तो माणूस सरळ उठून रांगेत गेला असता. मुलीला खरं सांगा, पप्पा आधी कन्फेशनला जाणार आहेत. वर्गात तिला हेच शिकवत असतील.

रात्रपाळी

वरच्या दोघांशी सहमत, पण सेवेबद्दल सावध करतो. परत आलेला माणूस जोरात येतो आणि पॅरिशला हात हवेच असतात. मी परतलो तेव्हा सहा महिन्यांत तीन कमिट्यांवर होतो. खुर्च्या लावणं, पार्किंग, अन्नवाटप, मीटिंग, मीटिंगची मीटिंग. मिस्साच्या वेळी मी बाहेर स्पीकरची वायर बघत असायचो. वर्षभराने कळलं की मी चर्चमध्ये सगळ्यात जास्त वेळ असतो आणि प्रार्थना सगळ्यात कमी करतो, आणि जे काम करत नाहीत त्यांचा मनातल्या मनात राग राग करतो. सगळं सोडलं शेवटी, वाईट पद्धतीने सोडलं, लोक दुखावले गेले.

आता एकच करतो. एक आजोबा आहेत, एकटे, दिसत नाही फारसं, दर गुरुवारी तासभर जातो. पेपर वाचून दाखवतो, औषधांच्या पट्ट्या सकाळ-संध्याकाळच्या डबीत भरून देतो, बास. गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी 1833 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली तेव्हा ती सुरू करणाऱ्यांतला फ्रेडरिक ओझानाम वीस वर्षांचा विद्यार्थी होता, आणि त्यांनी मोठी संस्था काढून सुरुवात नाही केली, गरिबांच्या घरी जायचं, बसायचं, विचारपूस करायची. आजही त्यांचं मुख्य काम घरभेटच आहे. एक माणूस, एक ठरलेली वेळ. सुरुवातीला याच्यापुढे जाऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

मोहरीचा_दाणा

दानावर कुणीच लिहिलं नाही म्हणून.

दंड भरल्यासारखं वाटलं असं तुम्ही लिहिलंत ना, त्यावर मी दोन दिवस विचार करतेय. कॅथलिक चर्चमध्ये अमुक टक्के द्या असा नियम नाही, ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवायला हातभार लावा एवढंच आहे. मार्कच्या 12व्या अध्यायात येशू दानपेटीसमोर बसून बघतो, श्रीमंत पुष्कळ टाकतात, आणि ती विधवा दोन छोटी नाणी टाकते, आणि तो म्हणतो हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. एका झटक्यात मोठी रक्कम टाकून मोकळं होण्यापेक्षा दर महिन्याला थोडं जाणवेल एवढं, ठरवून, गाजावाजा न करता, हे जास्त आत मुरतं असा माझा अनुभव.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. लूकच्या 19व्या अध्यायात जक्कय आहे. येशू घरी येतो तेव्हा तो म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं कुणाचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बघा, गरिबांना देणं आणि ज्याचं आहे त्याला परत देणं. आणि मत्तय 5 मध्ये तर स्पष्टच आहे, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. रागावू नका, पण पेटीत पैसे टाकताना तुम्हाला कोण आठवलं होतं? कुणाचं काही देणं राहिलंय का?

परतलेला_एक

मोहरीताई, तुमचं वाचून फोन उलटा ठेवला आणि रात्रभर उत्तर दिलं नाही.

आहे देणं. बहिणीचं. वडिलांच्या हॉस्पिटलचा खर्च तिने केला, निम्मा मी देणार असं ठरलं होतं, मीच म्हटलं होतं. मग अंत्यविधीच्या दिवशी आमचं वाजलं, मी ऑफिसच्या कामात होतो आणि शेवटच्या रात्री पोचलो नाही म्हणून ती बोलली, लोकांसमोर बोलली, आणि मी त्या रागात पैसे दिलेच नाहीत. तिने मागितलेही नाहीत. आठ वर्षं. सणाला मेसेज जातो येतो तेवढाच. मी इतके दिवस लोकांना सांगत होतो की वडील गेले म्हणून चर्च सुटलं. आता लिहिताना कळतंय की तसं नाहीये. मिस्सात एकमेकांना शांतीचं वंदन करायची वेळ आली की मला तिथे बसवेना, म्हणून सुटलं.

मोहरीचा_दाणा

मोकळेपणी लिहिलंत, बरं केलंत. सगळे एकदम नसतील तर हप्ता बांधून द्या पण पहिला आजच द्या. सोबत स्पष्टीकरण लिहू नका, ती काय म्हणाली होती ते तर अजिबात काढू नका.

परतलेला_एक

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

पहिला हप्ता त्याच दिवशी ट्रान्सफर केला, मेसेजमध्ये लिहिलं, बाबांच्या खर्चातला माझा वाटा, उशीर झाला, चूक माझी आहे. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "मिळाले." एवढंच. मी दिवसभर तो एक शब्द उघडून बघत होतो.

नंतरच्या शुक्रवारी कन्फेशनला गेलो, दुसऱ्या पॅरिशमध्ये, आधी फोन करून. जुना_बाक, तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. हे पैशाचं पण सांगितलं आणि विचारलं की फादर, हे दानात धरायचं का. ते म्हणाले नाही, हा न्याय झाला, दान यापुढे सुरू होतं. मग म्हणाले की पोप ग्रेगरी द ग्रेट तर याच्याही पुढे गेलेत, त्यांच्या मते गरिबाला देतो तेसुद्धा त्याचंच त्याला देतो. प्रायश्चित्त म्हणून बहिणीसाठी रोज एक दशक सांगितलंय, सगळे हप्ते फिटेपर्यंत. म्हणजे चौदा महिने.

रविवारी कम्युनियनला उठलो. मुलगी बाकावरून बघत होती.

कोरडेपणा आहे तसाच आहे, खोटं नाही सांगत. दशक करताना अजून ऑफिस येतं, पण आता मधेमधे बहीण पण येते, लहानपणीची, दोन वेण्या घातलेली, आणि तेव्हा मी थांबतो थोडा वेळ. काल दुसरा हप्ता गेला. या वेळी तिने विचारलं, मुलीचं कम्युनियन कधी आहे.

रात्रपाळी, तुमच्या त्या गुरुवारच्या आजोबांसारखं आमच्या पॅरिशमध्ये कुणी असेल तर कुणाला विचारायचं, फादरांना की व्हिन्सेंट डी पॉलवाल्यांना?

रात्रपाळी

व्हिन्सेंट डी पॉलवाल्यांना. मिस्सानंतर दाराशी थांबलेले असतात बहुतेक. पहिल्या भेटीला एकटे जाऊ नका, ते दोघे दोघेच जातात. आणि मुलीच्या कम्युनियनची तारीख बहिणीला आजच कळवा.